पाडव्याची साखर : साच्यातली गाठी आणि ओव्हनमधले बिस्कीट

होळीची राख थंड होते न होते तोच पिंपरी कॅम्पातल्या, चिंचवडगावातल्या, भोसरीतल्या आणि चाकणच्या बाजारपेठेतल्या दुकानांवर पांढऱ्या, गुलाबी आणि केशरी साखरेच्या माळा लटकू लागतात. कामाची पाळी सुटल्यावर घराकडे निघालेला कामगार दुचाकी थांबवून त्यातली एखादी माळ विकत घेतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून हँडलला अडकवतो. पाडव्याच्या सकाळी हीच माळ कडुनिंबाच्या डहाळीशेजारी, रेशमी खणाच्या वर, उपड्या कलशाखाली विराजमान होते. सूर्यास्तापूर्वी गुढी उतरते आणि माळेचे पुढे काय होते, हा प्रश्न बहुतेक घरांत कोणी विचारीत नाही. काही ठिकाणी मुले ती फोडून खातात, तर पुष्कळ ठिकाणी ती फ्रीजवर किंवा देवघराच्या कोपऱ्यात पडून राहते आणि अखेर मुंग्यांच्या स्वाधीन होते.

साखरगाठी हा खाण्याचा पदार्थ आहे, याचा विसर पडू लागला आहे. जो पदार्थ खाल्ला जात नाही त्याची पारख होत नाही, आणि ज्याची पारख होत नाही तो चांगला बनवण्याची गरजही हळूहळू उरत नाही. वर्षातले जेमतेम पाच-सहा आठवडे चालणाऱ्या या व्यवसायापुढील खरी अडचण हीच आहे. दुसरीकडे, त्याच घरांतील ओव्हनमध्ये आता गुढीच्या, कैरीच्या आणि कलशाच्या आकाराची बिस्किटे भाजली जात आहेत आणि त्यांच्यावर साखरेच्याच आयसिंगने नक्षी काढली जात आहे. पाडव्याच्या साखरेच्या या दोन रूपांमागील कृती, शास्त्र आणि रिवाज यांचा हा परिचय.

गाठी म्हणजे काय?

साखरेचा घट्ट पाक लाकडी साच्यात ओतून, त्यात दोरा अडकवून तयार केलेली चकत्यांची माळ म्हणजे गाठी. प्रत्येक चकतीवर साच्यातील कोरीव नक्षी उमटते. माळेच्या मध्यभागी बहुधा मोठे पदक असते. गाठीत साखरेखेरीज सांगण्यासारखा दुसरा घटक नाही. पाणी उडून जाते, मळी काढण्यासाठी घातलेले दूध मळीबरोबरच निघून जाते आणि रंग चिमूटभरच लागतो. तिळाच्या लाडवात तीळ-गूळ, करंजीत सारण, पुरणपोळीत डाळ, अशी इतर सणांच्या पदार्थांत चवीची जबाबदारी अनेकांवर वाटलेली असते. गाठीत ती एकट्या साखरेवर आणि ती हाताळणाऱ्या हातांवर असते.

गुढीवरील तिची जागाही विचारपूर्वक ठरलेली दिसते. कडुनिंबाची कोवळी पाने व फुले, गूळ, ओवा, मिरी, हिंग, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ यांचा प्रसाद वाटून पाडव्याला खाण्याची पद्धत आहे. त्याच कडुनिंबाशेजारी गुढीवर साखरेची माळ असते. शालिवाहन शकाचे नवे वर्ष कडू आणि गोड अशा दोन्ही चवींनी सुरू करावे, असा या जोडीचा अर्थ घराघरांत सांगितला जातो. याच दिवशी कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात उगादी साजरी होते आणि कन्नड घरांत कडुनिंब व गूळ एकत्र दिला जातो.

एका माळेची अनेक नावे

पिंपरी-चिंचवडची वस्ती बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतर औद्योगिक वसाहत उभी राहिली, मोटारी आणि स्कूटरचे कारखाने आले, त्यांच्या आधाराने लहान-मोठी वर्कशॉपे निघाली. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे कारखानदारी उत्तरेकडे सरकली आणि कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे खेड तालुक्यातील चाकण मोटारींचे गाव बनले. फोक्सवॅगनचा तेथील प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. या प्रत्येक टप्प्यावर खानदेश, मराठवाडा, विदर्भ, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातून माणसे आली आणि आपापले सणही घेऊन आली.

त्यामुळे एकाच दुकानासमोर या माळेला निरनिराळ्या नावांनी हाक मारली जाते. पुणे परिसरात ती गाठी. खानदेशातून आलेले कुटुंब हारकडे मागते; तेथे गळ्यात घालायचा हार आणि मनगटात घालायचे साखरेचेच कडे अशी जोडी असते. आणखी काही भागांत तिला साखरेचा हार किंवा नुसते साखरेची माळ म्हणतात. सणही सर्वत्र एकच नाही. खानदेशात आणि विदर्भात या माळेचे मुख्य नाते होळीशी आहे. होळीला मुलांच्या गळ्यात ती घालतात आणि नातेवाईक एकमेकांच्या मुलांसाठी ती पाठवतात. गुजराती कुटुंबांतही होळीला साखरेचा हार असतो, त्याला ते हायडा म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात मात्र गाठी प्रामुख्याने पाडव्याच्या गुढीला बांधली जाते.

या फरकाचा व्यापाराला फायदाच होतो. होळी फाल्गुन पौर्णिमेला आणि पाडवा त्यानंतर सुमारे पंधरवड्याने येतो. ज्या शहरात एकाच प्रांताची माणसे राहतात तेथे गाठीला एक सण मिळतो. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात दोन मिळतात. पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी, चैत्र शुद्ध द्वितीयेला, पिंपरी कॅम्पातील सिंधी समाजाचा चेटीचंड असतो. फाळणीनंतर वसलेल्या या बाजारपेठेत तिन्ही सणांची खरेदी एकमेकांत मिसळून जाते.

ज्या घरी वर्षभरात मूल जन्मले असेल, तेथे ही माळ केवळ सजावट राहत नाही. अनेक कुटुंबांत बाळाच्या पहिल्या होळीला किंवा पाडव्याला आजोळहून कपड्यांबरोबर साखरेची माळ येते. गावापासून तीनशे-चारशे किलोमीटरवर एका खोलीत संसार मांडलेल्या कामगार कुटुंबासाठी गावाकडून एसटीने आलेल्या पिशवीतली ती माळ म्हणजे नात्याची पोच असते.

साखर कुठून आली?

साखरेचे स्फटिक बनवण्याची कला भारतात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसापासून होणाऱ्या पदार्थांमध्ये फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा यांचा उल्लेख आहे. ‘शर्करा’ हा शब्द फारसी आणि अरबीच्या वाटेने युरोपात पोचला आणि तेथील भाषांत त्याची ‘शुगर’सारखी रूपे झाली. ‘खंड’ या शब्दापासून ‘कँडी’ आला. शुभ्र, दाणेदार साखर मात्र कारखानदारीची देणगी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रोजची गोडी गुळाची होती. पांढरी साखर पाहुण्यांसाठी आणि सणांसाठी राखलेली असे. म्हणूनच गाठी, हलवा आणि बत्तासे हे निव्वळ साखरेचे पदार्थ सणासुदीशी आणि शुभकार्याशी जोडले गेले.

१९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढील दशकांत महाराष्ट्र साखरेचे राज्य बनले. आज पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यातील कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांपासून तो फार दूर नाही. साखर मुबलक झाली तसे गाठीचे अप्रूप कमी झाले. एकेकाळी दुर्मीळ गोडीसाठी मुले गाठीची वाट पाहत असत. आता चॉकलेट बाराही महिने मिळत असताना केवळ साखरेच्या चकतीचे आकर्षण कशाला वाटावे?

पाक, तार आणि साचा

गाठी बनवण्याची कृती सांगायला सोपी आणि साधायला कठीण आहे. मोठ्या कढईत साखर आणि पाणी एकत्र उकळतात. उकळी आली की थोडे दूध घालतात. दुधातील प्रथिने साकळतात आणि साखरेतील बारीक मळ आपल्यात गुंतवून वर आणतात. ही मळी झाऱ्याने काढून टाकली की पाक स्वच्छ होतो. मग पाक आटू देतात. बोटांच्या चिमटीत धरल्यावर दोन पक्क्या तारा दिसू लागल्या, की कारागीर सावध होतो. या सुमारास पाकाचे तापमान ११० अंश सेल्सियसच्या पुढे गेलेले असते. तापमापक न वापरता केवळ तारेवरून आणि बुडबुड्यांच्या आकारावरून हे ओळखणे, ही या धंद्यातील पहिली विद्या.

दुसरी विद्या घोटण्याची. पारदर्शक पाक कढईच्या कडेला घासून घोटला की तो दुधासारखा पांढरा होऊ लागतो. यामागील शास्त्र सरळ आहे. २० अंश तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात ती दुपटीहून अधिक विरघळते. पाक थंड होऊ लागला की पाण्याला ही जादा साखर पेलवत नाही आणि ती स्फटिकरूपाने बाहेर पडू पाहते. घोटल्यामुळे असंख्य सूक्ष्म स्फटिक एकाच वेळी जन्माला येतात आणि गाठी एकसारख्या कणांची, घट्ट तरीही दाताने सहज फुटणारी होते. घोटणे कमी पडले तर गाठी चिकट राहते. जास्त झाले तर पाक कढईतच गोठतो आणि पुन्हा पाणी घालून सुरुवात करावी लागते.

घोटलेला पाक ताबडतोब साच्यात ओतावा लागतो. साचे पूर्वापार लाकडाचे, बहुधा सागवानी असतात. सागवान उष्णता आणि ओल दोन्ही सोसते, लवकर तडकत नाही. साचे ओले करून मांडतात, खोबणींतून दोरा ताणून ठेवतात आणि पाक ओततात. पंधरा-वीस मिनिटांत साखर गोठते, साचा उलटून माळ अलगद काढतात आणि सुकायला टांगतात. पाक शिजवणारा, ओतणारा, साचे उलटणारा आणि माळा मोजून बांधणारा अशी माणसांची साखळी असते. पाक थांबत नसल्याने त्यातल्या कोणालाही थांबता येत नाही.

गाठीत लिंबू घालावे की नाही, यावर घरोघरी मतभेद आढळतात. लिंबातील आम्लामुळे साखरेचे काही प्रमाणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते आणि त्यामुळे स्फटिक बनण्यास अडथळा येतो. गुलाबजामच्या पाकाला हे उपकारक, कारण तो पाक गोठायला नको असतो. गाठीचा पाक मात्र गोठायलाच हवा. म्हणून लिंबू वापरायचेच असेल, तर चार-पाच थेंबांपलीकडे जाऊ नये.

सहा आठवड्यांचा धंदा

एक किलो साखरेतून जवळपास एक किलोच गाठी निघते. मैदा, बेसन किंवा मावा यांसारखी भर घालण्याची सोय नाही. साखरेचा भाव सर्वांना ठाऊक असल्याने ग्राहक त्यापेक्षा फार अधिक मोजायला तयार नसतो. त्यामुळे कारागिराच्या पदरात पडते ती केवळ मजुरी, आणि तीही जळण, दोरा, तुटफूट यांचा खर्च वजा जाता. उन्हाळा तापू लागलेला असताना भट्टीजवळ दिवसभर उभे राहण्याचा हा मोबदला.

हंगाम साधारण महाशिवरात्रीच्या सुमारास सुरू होतो आणि पाडव्याला संपतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाठीला गिऱ्हाईक नसते. मिठाईवाला दिवाळीचा उरलेला माल तुळशीच्या लग्नापर्यंत विकू शकतो, गाठीवाल्याला ती सोय नाही. उरलेल्या गाठी फोडून पुन्हा पाकात घालाव्या लागतात किंवा मातीमोल भावाने विकाव्या लागतात. अवकाळी पाऊस हा दुसरा शत्रू. हवेतील ओल वाढली की साखर ती शोषून घेते, माळा घाम आल्यासारख्या ओलसर होतात, दोऱ्याजवळ सुटतात आणि तुटतात.

हा धंदा किती नाजूक आहे, हे २०२० मध्ये दिसले. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. गाठी तेव्हा तयार होऊन बाजारात आलेल्या होत्या. बाजारच बंद होता. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता आणि दुसऱ्याच दिवसापासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. वर्षातून एकदाच कमाई करणाऱ्या धंद्याचे लागोपाठ दोन हंगाम असे गेले. ज्या घरांत गाठीखेरीज बत्तासे, रेवड्या किंवा संक्रांतीचा हलवा करण्याची जोड होती, त्यांना तग धरणे त्यातल्या त्यात सोपे होते.

रंगाचा प्रश्न

पांढरी गाठी पारंपरिक, गुलाबी आणि केशरी मुलांच्या आवडीच्या. रंग आला की सुरक्षिततेचा प्रश्न येतो. भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी असून त्यांचे प्रमाणही ठरवून दिलेले आहे. रोडामाइन-बी हा चमकदार गुलाबी रंग त्यात नाही. तो कापड आणि कागद रंगवण्याचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने ‘म्हातारीच्या केसां’च्या विक्रीवर बंदी घातली, ती नमुन्यांत हाच रंग आढळल्यामुळे. त्यानंतर मार्चमध्ये कर्नाटकानेही कृत्रिम रंगांच्या कॉटन कँडीवर बंदी घातली. गाठीही साखर आणि रंग यांचाच पदार्थ असल्याने तोच नियम तिला लागू पडतो.

ग्राहकाला प्रयोगशाळा घरी आणता येत नाही, मात्र काही गोष्टी पाहता येतात. डोळ्यांत खुपणारा, चकाकणारा गुलाबी रंग टाळावा. ओल्या बोटाने चोळल्यावर गडद डाग पडत असेल आणि तो धुऊनही जात नसेल, तर ती गाठी मुलांच्या हाती देऊ नये. अस्वाभाविक शुभ्रतेच्या मागेही धावू नये. स्वच्छ पाकाची गाठी किंचित दुधाळ दिसते, चुन्यासारखी पांढरीफेक दिसत नाही. रस्त्याकाठी उघड्यावर टांगलेल्या माळांपेक्षा झाकलेल्या माळा घ्याव्यात. अन्नपदार्थ बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांनाही अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे. वेष्टनावर नोंदणी क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहण्याची सवय लावून घ्यावी.

ओव्हनमधला पाडवा

पुणे परिसराला भाजलेल्या बिस्किटांचे वावडे कधीच नव्हते. घरून मैदा, साखर आणि तूप नेऊन बेकरीच्या भट्टीतून नानकटाई भाजून आणायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची, ही पद्धत अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षे पाळली. आता निगडी, वाकड, पिंपळे सौदागर येथील सदनिकांत ओव्हन आले आहेत. ख्रिस्ती कुटुंबांत आणि बेकऱ्यांत ईस्टरला साखरेने सजवलेली अंडी बनवण्याची परंपरा जुनीच आहे. वसंतातल्या सणाला साखरेची नक्षी हवी, ही ओढ दोन्हीकडे सारखीच. पाडव्याची सजवलेली बिस्किटे ही त्यातलीच पुढची पायरी. त्यांची अंड्याविना करता येणारी कृती अशी :

साहित्य : २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे दूध, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ.

कृती : लोणी आणि साखर हलके होईपर्यंत फेसून घ्यावे. मैदा, मीठ आणि वेलदोडा चाळून मिसळावा. लागेल तेवढेच दूध घालून गोळा बांधावा. कणकेसारखा मळू नये, नाहीतर बिस्कीट चिवट होते. गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. पाच मिलिमीटर जाडीची पोळी लाटून साच्याने किंवा पुठ्ठ्याचा नमुना ठेवून सुरीने गुढी, कलश, कैरी असे आकार कापावेत. कापलेले आकार पुन्हा दहा मिनिटे थंड करावेत. १७० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये दहा ते बारा मिनिटे, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत भाजावेत. पंचवीस ते तीस बिस्किटे होतात.

यात बेकिंग पावडर मुद्दामच घेतलेली नाही. ती घातली की बिस्कीट फुगते, पसरते आणि गुढीची काठी व कलश यांचा आकार पुसट होतो. चैत्राच्या उन्हात लोणी पटकन पातळ होते, म्हणून दोन वेळा थंड करणे टाळू नये.

आयसिंगसाठी २०० ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये दोन ते अडीच मोठे चमचे पाणी आणि लिंबाचे तीन-चार थेंब घालून घोटावे. चमच्याने काढलेली रेघ दहा सेकंदांत मिसळून गेली, तर ते आकार भरण्यास योग्य समजावे. कडेची रेघ ओढण्यासाठी थोडे आयसिंग अधिक घट्ट ठेवावे. आधी कड काढावी, ती सुकू द्यावी, मग आत पातळ आयसिंग भरावे. बिस्कीट पूर्ण थंड झाल्याशिवाय आयसिंग लावू नये. सुकायला सहा ते आठ तास लागतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत वाटीतले आयसिंगही लगेच खपली धरते, म्हणून वाटीवर ओले फडके झाकावे. खणासाठी केशर किंवा हळदीचा पिवळा, फुलांसाठी बिटाचा गुलाबी आणि कडुनिंबाच्या पानांसाठी पालकाच्या रसाचा हिरवा रंग वापरता येतो. रंगाचा रस घातल्यास पाणी तेवढे कमी करावे. कलशाच्या चकाकीसाठी खाण्यायोग्य नसलेली चमकी कदापि वापरू नये.

कढई आणि ओव्हन यांत वरवर काही साम्य दिसत नसले, तरी आयसिंग सुकते आणि गाठी गोठते ती एकाच नियमाने. पाणी कमी झाले की साखर स्फटिकरूप घेते आणि दिलेला आकार धरून ठेवते. फरक एवढाच की आयसिंगला चुका सुधारण्यासाठी काही मिनिटे मिळतात आणि गाठीला काही क्षण.

घरच्या घरी गाठी

लहान प्रमाणात गाठी घरीही होते. एका ताटलीला किंवा छोट्या वाट्यांना तुपाचा हात लावून त्यांतून सुती दोरा मांडून ठेवावा. दोन वाट्या साखरेत अर्धी वाटी पाणी घालून उकळावे, चमचाभर दूध घालून मळी काढावी. दोनतारी पाक झाला की आच बंद करून सतत घोटावे. पाक पांढरट आणि दाटसर दिसू लागताच चमच्याने भराभर साच्यात ओतावा. अर्ध्या तासात गाठी सुटते. उकळता पाक अंगावर उडाला तर पाण्यापेक्षा कितीतरी वाईट भाजतो आणि त्वचेला चिकटून राहतो; म्हणून पाक ओतण्याचे काम मुलांवर सोपवू नये. दोरा मांडणे आणि माळ सोडवणे ही कामे त्यांच्यासाठी पुरेशी आहेत.

गुढी उतरल्यावर

शंभर ग्रॅमच्या गाठीत सुमारे ४०० उष्मांक असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रौढांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५ ग्रॅम, सुचवली. या हिशेबाने एका मुलाने एका दिवसात सगळी गाठी संपवणे योग्य नाही. पूर्वीही ती तशी संपत नसे. एक-दोन चकत्या मोडून देत आणि बाकीची डब्यात जाई. मधुमेही व्यक्तींनी तिच्यापासून दूरच राहावे. लहान मुलांना गाठी देताना दोरा आधी काढून टाकावा.

उरलेल्या गाठीचे उपयोग साधे आहेत. चैत्रातच कैरी येते. पन्ह्यात गूळ-साखरेऐवजी गाठी घालता येते. लिंबाच्या सरबतात, दुधात, शिऱ्यात ती विरघळवता येते. गुढीला बांधलेली माळ दिवसभर रस्त्याच्या धुळीत राहते, म्हणून गुढीसाठी एक छोटी आणि खाण्यासाठी एक झाकलेली अशा दोन माळा घेणे शहाणपणाचे. हवाबंद डब्यात ठेवलेली गाठी पावसाळ्यापर्यंत सहज टिकते.

गाठी चांगली आहे की नाही हे ओळखण्याची कसोटी जुनीच आहे. चकती हातात मोडून पाहावी. ती कोरडा आवाज करीत मोडली, मोडल्या जागी बारीक, सारखे कण दिसले आणि जिभेवर खडबडीत न लागता विरघळली, तर पाक योग्य वेळी उतरवला गेला होता, असे समजावे. चिकटली किंवा काचेसारखी कडक निघाली, तर कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाचा तो क्षण चुकला होता. ही पारख करणारा ग्राहक दुकानात उभा असेल, तर पुढच्या वर्षीही कोणीतरी तो क्षण सांभाळण्याचे कष्ट घेईल. त्यासाठी पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवल्यावर खाण्यासाठी आणलेल्या माळेची एक चकती मोडून घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवणे पुरेसे आहे.